काळ एकच आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे आहे

अवकाश वाकतं म्हणे. वाकू दे. मी एकतीस वर्षं नोकरीत वाकलो, तेव्हा कोणी त्याच्यावर ग्रंथ लिहिला नाही. पण काळसुद्धा सगळ्यांसाठी सारखा नसतो, हे वाक्य माझ्याच घरात, माझ्याच शेजारच्या पाटावर बसून माझ्याच जावयाने उच्चारलं, तेव्हा मात्र माझ्या हातातला घास हातातच राहिला.

जावई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. माणूस सज्जन आहे, पण शिकलेला आहे. त्या दिवशी ते आणि मुलगी जेवायला पाऊण तास उशिरा आले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काही लोक घड्याळाकडे सवयीने पाहतात. माझा तो पेशा आहे. जावयांनी ते पाहणं पाहिलं आणि हसत म्हणाले, "बाबा, उशीर सापेक्ष असतो. धावणाऱ्याचं घड्याळ बसलेल्याच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. सिद्ध झालेलं आहे."

"मग धावत यायचं होतं," मी म्हणालो.

"अहो बाबा, ते थट्टा करताहेत," मुलगी म्हणाली.

"थट्टा नाही, खरंच," जावई म्हणाले. मग त्यांनी आमटीची वाटी हा सूर्य, लिंबाची फोड ही पृथ्वी असं काहीबाही मांडून मला अर्धा तास समजावलं. वस्तू जड असली की तिच्याभोवती रिकामी जागा वाकते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या असं मला वाटलं, तरी पळत्या माणसाला तसं वाटेलच असं नाही. आणि आपण दोघंही बरोबर! शेवटी मी मुद्द्यावर आलो. "काळ म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगा."

"घड्याळ दाखवतं तो," जावई म्हणाले.

बस्स. इथे माझ्यातला तत्त्वज्ञ जागा झाला. तो माझ्यात आहे हे तोवर मला माहीत नव्हतं आणि बायकोला तर अजूनही मान्य नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हजेरी कारकून आहे. हजेरी कारकून म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण चाळीस माणसांचा काळ रोज सकाळी माझ्या टेबलावरून जातो. टेबलामागे भिंतीवर लंबकाचं घड्याळ आहे. त्याची किल्ली माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात असते. ठोके पडायला लागले की मी मस्टर पुढे ओढतो, आणि दहावा ठोका पडला की त्या दिवसाच्या रकान्यात शेवटच्या सहीखाली लाल रेघ मारतो. रेघेखाली जो आला तो उशिरा आला. तीन लाल खुणांना एक किरकोळ रजा कापली जाते. माझ्या हाताने साहेबांच्या मेहुण्याची रजा कापलेली आहे, आणि तेव्हा माझा हात कापला नाही. आख्खी कचेरी सकाळी आत आली की आपापली मनगटी घड्याळं माझ्या घड्याळाशी लावून घेते. आणि हा काल आलेला जावई म्हणतो, काळ ज्याचा त्याचा!

माझा आक्षेप साधा होता, आणि अजून मला त्याचं कोणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. घड्याळ मागे पडलं तर घड्याळ बिघडलं म्हणायचं की काळ मागे पडला म्हणायचं? तागडी खोटी निघाली तर आपण वाण्याची कॉलर धरतो. वजन नावाची गोष्टच ज्याची त्याची असते असं म्हणून घरी जात नाही. ह्या मंडळींनी वर्षानुवर्षं घड्याळं मोजली आणि सांगितलं की आम्ही काळ मोजला. रिकामी जागा वाकते म्हणतात. अरे, वाकायला काहीतरी असावं लागतं ना? जिथे काहीच नाही ते वाकलं, हे कळलं कुणाला आणि कशावरून? त्यातून पुढे काही विद्वान म्हणतात की काल, आज, उद्या हे सगळं एकदमच अस्तित्वात आहे, आपणच त्यातून सरकतो. उद्या जर आधीच तिथे बसलेला असेल, तर आमची कचेरी रजेचा अर्ज आठ दिवस आधी कशाला मागते? असल्या गोष्टी मी लिहून टाकायचं ठरवलं. पुस्तिकेचं नाव ठरवलं, 'काळ एकच आहे'. चाळीस पानं, दोन आठवडे. इतकंच काम होतं.

त्याच महिन्यात माझ्या टेबलावर दुसरं एक काम पडून होतं, तेही इथेच सांगून टाकतो. आमच्या टपाल विभागातल्या बाईंची बढती निघाली होती. टपालबाई म्हणजे बारीक अंगाची, कमी बोलणारी, कामाला चोख बाई. अकरा वर्षांत एक पत्र हरवलं नाही. वरिष्ठ लिपिकाची जागा एकच होती, ती या वेळी हुकली तर पुढची निघेपर्यंत त्या निवृत्तीला आल्या असत्या. सगळ्या शाखांचे शेरे चांगले होते. फक्त वक्तशीरपणाचा दाखला माझ्याकडून जायचा होता, आणि माझ्या मस्टरात बाईंच्या नावापुढे अकरा वर्षांत चारशे बारा लाल खुणा होत्या. एक मिनिट उशीर, दोन मिनिटं उशीर. तीनाच्या वर कधी नाही, पण उशीर तो उशीर. त्यांची वर्षाची किरकोळ रजा तेवढ्यातच संपायची. मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण वाईट वाटण्याला मस्टरात रकाना नसतो. 'वक्तशीर नाहीत' असं लिहून महिनाअखेर कागद वर पाठवायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

पुस्तिका लिहितोय हे मी इमारतीत कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं होतं, म्हणजे तेच. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे विमा एजंट खाली आले. त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "छान आहे. पण यात प्रयोग कुठाय? आजकाल प्रयोगाशिवाय कोणी विचारत नाही. माझंच बघा, मी पॉलिसी विकताना आधी माणसाला घाबरवून बघतो." समोरचे मास्तर, म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून कोणाला तरी काहीतरी शिकवण्यासाठी तळमळणारे गृहस्थ, तेही आले. म्हणाले, "धावतं घड्याळ मागे पडतं असा त्यांचा दावा आहे ना? मग एक घड्याळ धाववा आणि दाखवा की पडत नाही. खंडन झालं."

"धाववायचं कुठे?"

"लिफ्टमध्ये," सर्वज्ञ म्हणाले. काही माणसं आपल्या आयुष्यात केवळ असल्या सूचना देण्यासाठी येतात.

मी एकसारखी दोन गजराची घड्याळं आणली. रविवारी सकाळी ती दोन्ही एकाच वेळेला लावायची होती. मी दिवाणखान्यातल्या घड्याळाकडे वळलो तर बायको म्हणाली, "ते दहा मिनिटं पुढे आहे."

"माहीत आहे. मीच ठेवलंय."

"स्वयंपाकघरातलं पंधरा मिनिटं पुढे आहे. मुलीची शाळा होती तेव्हापासून. आणि आतल्या खोलीतलं वीस."

"का?"

"तुम्ही उठत नाही म्हणून. मी रोज वजाबाकी करून चहा ठेवते." मग पदराला हात पुसत म्हणाली, "जगाचा काळ एक करायला निघालात, आधी घरातला करा की."

असल्या टीकेला उत्तर द्यायचं नसतं. मी दोन्ही घड्याळं एकमेकांशी जुळवली आणि कामाला लागलो. एक घड्याळ माझ्या टेबलावर राहिलं. दुसरं घेऊन मास्तर लिफ्टमध्ये उभे राहिले. नऊपासून बारापर्यंत न थांबता खाली-वर करायचं असं ठरलं होतं. चौथ्या मजल्यावर सर्वज्ञ प्रत्येक फेरी मोजायला उभे होते. प्रत्यक्षात ते प्रत्येक फेरीला मास्तरांना काहीतरी सुचवत होते. लोक जिन्यावरून चढउतर करत होते आणि माझ्या दारासमोर आल्यावर मुद्दाम धापा टाकत होते. विज्ञानाबद्दल आपल्या समाजात किती अनास्था आहे ते मला त्या दिवशी कळलं.

साडेदहाच्या सुमाराला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट अडकली. दिवाही गेला. मेकॅनिक येईपर्यंत पावणेदोन तास मास्तर अंधारात उभे होते. त्यांना एकटं वाटू नये म्हणून सर्वज्ञ वरून त्यांना अपघात विम्याची माहिती देत होते. मध्ये केव्हातरी मास्तरांच्या हातातलं घड्याळ गजर करायला लागलं. तो बंद करण्यासाठी मास्तरांनी अंधारात हाताला लागेल ते बटण दाबलं आणि हाताला लागेल तो खुंटा फिरवला. बाहेर आले तेव्हा त्यांचं घड्याळ माझ्या टेबलावरच्या घड्याळापेक्षा एक्केचाळीस मिनिटं मागे होतं.

संध्याकाळपर्यंत आख्ख्या इमारतीत बातमी पसरली की लिफ्टमध्ये काळ हळू चालतो, हजेरी कारकुनांनी सिद्ध केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मला विचारायला आल्या की रोज अर्धा तास लिफ्टमध्ये बसलं तर गुडघ्यांना फरक पडेल का. मुलीने फोनवर अभिनंदन केलं. मागे जावयांचं हसणं ऐकू येत होतं. सोमवारी खालच्या फळ्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींची सूचना लागली: 'लिफ्ट माणसांच्या व सामानाच्या वाहतुकीसाठी आहे, काळाच्या वाहतुकीसाठी नाही. संबंधितांनी नोंद घ्यावी.' सेक्रेटरींनी आयुष्यात लिहिलेलं हे एकमेव चांगलं वाक्य, आणि ते माझ्यावर खर्च झालं.

प्रयोग वगळून मी पुस्तिका पुरी केली. आता छापायची तर कचेरीची परवानगी हवी. आमच्याकडे नोकराला आपल्या नावाने काही छापायचं तर ना-हरकत लागते. मी अर्ज दिला. आस्थापना शाखेतून चौकशी आली: 'पुस्तिकेचा विषय काळ असल्याचे दिसते. सदर विषय या कार्यालयाच्या कामकाजाशी संबंधित आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा.' आता संबंध नाही असं लिहावं, तर एकतीस वर्षं मी काय करत होतो? मी बाणेदारपणे लिहिलं, 'या कार्यालयातील काळ हा निम्नस्वाक्षरीकाराच्या ताब्यात असल्याने संबंध आहे.' त्यावर शेरा आला: 'संबंध असल्यास मजकूर तपासणे आवश्यक. तथापि तपासण्यास सक्षम अधिकारी उपलब्ध नाही. सबब अर्जदाराने तो सर्व कर्मचाऱ्यांसमोर वाचून दाखवावा व हरकत आल्यास नोंदवावी.' सोबत महिनाअखेरच्या शुक्रवारची तारीख होती, दुपारी अडीचची. साहेब म्हणाले, "जावयांनाही बोलवा. आपल्यात तेवढेच एक तज्ज्ञ."

मला आनंद झाला, लपवत नाही. जावयांना चाळीस माणसांदेखत चीत करायची संधी होती. मी कपाटातला लग्नाचा कोट काढला. तो मला होईना. बायको म्हणाली, "अवकाश आक्रसला असेल."

त्या शुक्रवारी मोठ्या खोलीत टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. मी माझ्या घड्याळाखाली उभा राहिलो. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी जावई. मी वाचायला सुरुवात केली आणि खरंच सांगतो, रंगलो. वाकणाऱ्या रिकाम्या जागेवर लोक हसले. तागडीच्या मुद्द्यावर हिशेबनीसांनी टाळी दिली. शेवटी मी आवाज चढवून म्हणालो, "घड्याळ म्हणजे काळ नव्हे! घड्याळं मागेपुढे होतील. काळ होत नाही. घड्याळ आणि काळ यांच्यात फरक पडला, तर काळाला दोष देऊ नका, घड्याळाला द्या!" टाळ्या पडल्या. जावई उठून म्हणाले, "बाबांचा हा प्रश्न खरा आहे. मोजमाप आणि मोजलेली गोष्ट एकच का, हे मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी विचारलंय. आम्ही वर्गात तो टाळतो." मी जिंकलो होतो. तिथेच थांबायला हवं होतं. पण साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत?"

मागच्या रांगेतून टपालबाई उभ्या राहिल्या.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "शंका आहे. प्रोफेसरसाहेबांना विचारायची."

"विचारा ना," जावई म्हणाले.

"चालतं घड्याळ मागे पडतं असं तुमचं शास्त्र म्हणतं ना? ते माझ्या बाबतीत होतं. माझं घड्याळ घरी रेडिओशी जुळतं. बसमधून उतरते तेव्हा कंडक्टरच्या घड्याळाशी जुळतं. थांब्यापासून इथवर आले की सात मिनिटं मागे पडलेलं असतं. रोज. तेवढ्याच रस्त्यात." आणि मग खाली बघत म्हणाल्या, "मी जरा पळत येते. त्यामुळे होतं का ते?"

लोक खो खो हसले. मीही हसलो. जावई मात्र हसले नाहीत. म्हणाले, "नाही हो बाई. तुम्ही जन्मभर पळालात तरी डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढासुद्धा फरक पडणार नाही. सात मिनिटं अशक्य. एक तर तुमचं घड्याळ चुकतंय…" आणि ते थांबले. मग त्यांनी माझ्या डोक्याच्या वर पाहिलं. "नाहीतर ते."

खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. माझ्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याच वेळी बाजूच्या खोलीत साहेबांचा रेडिओ चालू होता; तो दिवसभर चालूच असतो. त्यावरचं गाणं थांबलं, निवेदिका काहीतरी म्हणाली, दोन मिनिटं कसलीशी जाहिरात झाली, आणि मग वेळेची टिकटिक आली. निवेदिका म्हणाली, "तीन वाजले आहेत."

माझ्या घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं होतं, "घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवत जा, लोक वेळेवर येतात." तोंडी सांगितलं होतं, असल्या गोष्टी लेखी कोण देतं! पाचात मी माझी दोन घातली, कारण मला काम नीट करायची सवय आहे. ते साहेब बदलून गेले, घड्याळ राहिलं. दर सोमवारी किल्ली देताना मी ते इमानाने सात मिनिटं पुढे लावत होतो. विसरलो नव्हतो, आठवायची कधी गरजच पडली नव्हती. बाकीचे सगळे जवळच्या वसाहतीत राहणारे, माझ्याच घड्याळाशी घड्याळं लावून माझ्याच काळात जगणारे. बाहेरून, खऱ्या वेळेच्या बसने येणारं माणूस कचेरीत एकच होतं.

माझ्या हातात माझीच चाळीस पानं होती. घड्याळाला दोष द्या, असं मी तीन मिनिटांपूर्वी ओरडून सांगितलं होतं.

सभा कशी संपली ते आठवत नाही. साहेबांनी मला आत घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "हे वाढवू नका. तुमच्या मस्टरावर एकोणीस वर्षांच्या रजा कापल्यात. चाळीस माणसं अर्ज घेऊन येतील. माझ्या मेहुण्यापासून सुरुवात होईल." मग त्यांनी लगोलग परिपत्रक टाइप करून घेतलं. ते मी अजून जपून ठेवलंय. 'कार्यालयीन वेळ म्हणजे कार्यालयातील घड्याळ दाखवील ती वेळ. हे परिपत्रक पूर्वलक्षी प्रभावाने लागू राहील.'

म्हणजे जावई जेवताना जे बोलले होते, तेच आमच्या कचेरीने जावक क्रमांक टाकून मान्य केलं. आणि पूर्वलक्षी प्रभावाने! एवढी हिंमत त्या शास्त्रज्ञांनाही झाली नव्हती.

"तुम्ही यावर सही करा, वेळपालक म्हणून," साहेब म्हणाले. "पुस्तिकेला मी आत्ता ना-हरकत देतो. आणि टपालबाईंचा दाखला आजच्या आज वर गेला पाहिजे. काय लिहायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे."

सही करणं सोपं होतं. केली असती तर बाईंच्या चारशे बारा खुणा शाबूत राहिल्या असत्या, माझी एकतीस वर्षं शाबूत राहिली असती, वर पुस्तिका छापून आली असती. फक्त तिच्यातलं प्रत्येक पान खोटं ठरलं असतं. मी भित्रा माणूस आहे. साहेबांसमोर मी आजवर खुर्चीला टेकून बसलेलो नाही. पण काळ एकच आहे हे मला खरोखरच वाटतं, त्याला मी काय करू? आणि खरं सांगायचं तर मला तत्त्वाची तेवढी काळजी नव्हती. मला तो आवाज ऐकू येत होता, 'मी जरा पळत येते, त्यामुळे होतं का ते?' आणि मी हसलो होतो, त्याची लाज वाटत होती.

मी टेबलावर आलो आणि दाखला लिहिला. 'सदर कर्मचारी अकरा वर्षांत एकदाही उशिरा आलेल्या नाहीत. मस्टरातील चारशे बारा लाल खुणा कार्यालयातील घड्याळ सात मिनिटे पुढे असल्यामुळे पडल्या. घड्याळ निम्नस्वाक्षरीकाराने पुढे ठेवले होते.' खाली सही केली. हाताशी लाल शाईच होती, तिनेच. कागद स्वतः वरच्या कचेरीत नेऊन दिला, म्हणजे मध्ये साहेबांची खोली आणि त्यांचा रेडिओ लागायला नको.

पुढे व्हायचं ते झालं. सरकारी घड्याळाशी छेडछाड केल्याबद्दल मला मेमो आला. पुस्तिकेवर हरकत नोंदवली गेली. ती मीच दिल्यासारखं झालं. हिशेबनीस माझ्याशी बोलेनासे झाले, कारण त्यांच्या विनाकारण कापलेल्या सव्वीस रजा निघाल्या. सर्वज्ञ म्हणाले, "मी तेव्हाच सांगणार होतो." तिसऱ्या दिवशी बायकोने घरातली सगळी घड्याळं रेडिओला लावली. त्या दिवशी आम्हा दोघांनाही सगळीकडे उशीर झाला. जावयांनी मात्र येऊन माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला. त्यांचं शास्त्र मला अजून पटलेलं नाही.

तीन आठवड्यांनी टपालबाईंच्या बढतीचा हुकूम आला. मी त्याची एक प्रत आणि माझ्या दाखल्याची प्रत घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेलो. आता बाई आभार मानतील आणि आपण 'अहो, त्यात काय' म्हणायचं, अशी तयारी करून गेलो होतो. बाईंनी दोन्ही कागद शांतपणे वाचले. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

"म्हणजे ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझं घड्याळ. मी ते चार वेळा दुरुस्तीला टाकलं. घड्याळजी म्हणायचा, बाई, यात काही दोष नाही. मी घड्याळजी बदलला. मग वाटलं, पळताना हात हलतो म्हणून मागे पडत असेल. तेव्हापासून काढून रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायला लागले." त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमचं घड्याळ चुकेल असं मनातच आलं नाही हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अकरा वर्षं एका बाईने आपल्या बरोबर घड्याळावर अविश्वास धरला, तो माझ्या भिंतीवरच्या लंबकावर विश्वास होता म्हणून. मी कसाबसा म्हणालो, "आता घड्याळ बरोबर लावलंय. सात मिनिटं तुमच्या हातात आहेत. उद्यापासून सावकाश चालत या."

"येईन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन माझ्या खिडकीपाशी उभा राहिलो. दहाला अकरा मिनिटं कमी असताना बस थांब्यावर आली. बाई उतरल्या, पर्स छातीशी घट्ट धरली, आणि खाली मान घालून धावायला लागल्या. मला राहवलं नाही. मी खिडकी सताड उघडली, बाहेर वाकलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "अहो बाई! सावकाश! वेळ आहे!"

रहदारीत त्यांना शब्द ऐकू गेले नसावेत. त्यांनी मान वर करून पाहिलं. खिडकीत हजेरी कारकून हात हलवून ओरडताना त्यांना दिसला, आणि त्या आणखी जोरात पळायला लागल्या.